संमतीचं बटण

माझ्या सख्ख्या बहिणीला मीच लिहिलेल्या बटणाने दोनदा परत पाठवलं, तेव्हा मला आधी काळजी वाटली ती बटणाची. बहिणीची नव्हे. स्वभावच तसा झालाय. पडद्यावरची अवजारं घडवण्यात बावीस वर्षं घातली की कुठंही गेलं तरी बिघाड आधी दिसतो आणि माणूस नंतर.

कृष्णेकाठच्या आमच्या तालुक्याच्या गावी, दस्तनोंदणी कार्यालयात, शुक्रवारी सकाळी साडेअकराला हे घडलं. अण्णांना जाऊन चार महिने झाले होते. आई त्यांच्या आधीच गेलेली. मागे राहिलो आम्ही दोघं, शर्वरीताई आणि मी, आणि बाजारपेठेतला अण्णांचा हार्मोनियम दुरुस्तीचा गाळा. ताईने हक्कसोडपत्र करून द्यायचं, गाळा माझ्या एकट्याच्या नावावर करायचा आणि मी तो शेजारच्या मिठाईवाल्याला विकायचा, असं ठरलं होतं. ठरलं होतं म्हणजे मी फोनवर म्हणालो होतो आणि ताई "बरं" म्हणाली होती. आमच्याकडे बहिणी हक्क सोडतातच. आत्याने सोडला, आईने मामांसाठी सोडला. त्या दिवशी बहिणीला साडी घेतात, गोडाचं जेवू घालतात आणि विषय संपतो. मीही पुण्याहून साडी घेऊनच आलो होतो.

ताई पडद्यासमोर बसली. खालच्या गोलावर बोट टेकवायचं, मजकूर वाचायचा आणि बोट उचलून, डावीकडचं 'नाही' सोडून, उजवीकडच्या 'मान्य'वर न्यायचं, एवढंच काम. तिने बोट नेलं, दाबलं, उचललं. पडद्यावर अक्षरं आली : 'थोडं थांबा. पुन्हा एकदा वाचा.'

"घाबरू नका ओ ताई," पलीकडे बसलेल्या मगदूम मॅडम म्हणाल्या. दस्तांचं काम त्यांच्याकडे होतं. "पहिल्यांदा होतंय असं पुष्कळांचं."

दुसऱ्यांदाही तेच झालं. यंत्राने दोन चिठ्ठ्या बाहेर टाकल्या. ताईने त्या न बघताच पर्समध्ये ठेवल्या आणि हसली.

"माझी बोटं जाड झालीत रे निनाद. तुझ्या बटणाला कळत नाहीत."

मगदूम मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "आता एकच संधी राहिली. तीनदा नकार आला तर सहा महिने हा दस्त नोंदवता येत नाही, तुम्हाला माहितीच असंल. बोटं जाड असतील तर सवलत आहे. तुम्ही दोघांनी लिहून द्या, मी लावते."

मला माहीत होतं. ती सवलतही मीच लिहिली होती. मी म्हणालो, "जेवून येतो."

आता हे बटण काय आहे ते सांगायला हवं.

पडद्यावर आपण जी बटणं, सरकपट्ट्या, याद्या, खूण करायच्या चौकटी हाताळतो, त्यांना आमच्या धंद्यात विजेट म्हणतात. हॉस्पिटलचा कार्यक्रम असो की वाण्याच्या दुकानाचा, लिहिणारा प्रत्येक जण बटण नव्याने घडवत बसत नाही. तो आमच्यासारख्यांच्या पेटीतून तयार विजेट उचलतो, त्याचा रंग-आकार ठरवतो आणि त्याला एक छोटी स्क्रिप्ट जोडतो : दाबलं की हे कर. बटणाच्या बाबतीत एक गंमत बहुतेकांना ठाऊक नसते. ते दाबल्यावर काहीच करत नाही. बोट उचलल्यावर करतं. दाबलेलं बोट तसंच बाजूला घसरवून भलतीकडे उचललं, तर काहीही घडत नाही. ज्या कोणी हे पहिल्यांदा ठरवलं त्याने माणसाला विचार बदलायला एक फट ठेवली.

मी त्या फटीत शिरलो. पडदे आता बोट टेकायच्या आधीच, चार बोटं अंतरावरून त्याचा माग घेतात. आणि मेंदू आधी ठरवून मग हाताला हुकूम सोडतो असं नसतं. ठरवता ठरवताच हात निघालेला असतो. मनात एकच गोष्ट असेल तर बोट जवळजवळ सरळ रेषेत जातं. दोन असतील तर वाटेत दुसरीकडे झुकतं, केसभर का होईना, आणि मग वळून ठरलेल्या जागी पोहोचतं. माणसाला स्वतःला ते कळत नाही. पडद्याला कळतं. आधी दहा साधे प्रश्न विचारून त्या माणसाची सरळ रेषा कशी असते ते शिकून घ्यायचं, मग खऱ्या प्रश्नाची रेषा तिच्यावर ठेवून बघायची. सगळी मिळून साडेतीनशे ओळींची स्क्रिप्ट. मी तिचं नाव 'संमती' ठेवलं आणि आमच्या पेटीत इतर विजेटांच्या शेजारी ठेवून दिली.

मला वाटलं होतं, ऑपरेशनच्या कागदांसाठी वापरतील. वापरलंही. मग विमा, मग लग्ननोंदणी, आणि तीन वर्षांपूर्वी नियम आला की मोबदला न घेता हक्क सोडायचा तर 'संमती'तून जावं लागेल. आपली माणसंही काही कमी नाहीत. नोंदणी कार्यालयांबाहेर बोट सरळ नेण्याचे क्लास निघाले. 'तीन दिवसांत सरळ रेषा, खात्रीशीर' अशा पाट्या लागल्या. माझ्या सासऱ्यांच्या सोसायटीत अध्यक्षाची निवड संमतीवर घेतली आणि बिनविरोध ठरलेला माणूस सतरा विरुद्ध दोनने पडला. लोक मला विचारायचे, हे चांगलं केलंस की वाईट? मी म्हणायचो, मी फक्त बटण केलं. हे उत्तर मला फार आवडायचं.

गाळ्याचं कुलूप ताईने तिच्या किल्लीने उघडलं. जेवायला हॉटेलात जाऊ म्हटलं तर तिने ऐकलं नाही, डबा आणला होता. वर अजून तीच पाटी : निनाद हार्मोनियम वर्क्स. मी जन्मलो त्या वर्षी अण्णांनी रंगवून घेतलेली. ताई तेव्हा चार वर्षांची होती.

चार महिने बंद असलेल्या जागेला कोंदट वास येईल असं मला वाटलं होतं. आला तो सरस आणि ताज्या कातड्याचा. कामाच्या फळीवर एक पेटी उघडी पडली होती. भाता नवा, निम्म्या पट्ट्या काढून ओळीने मांडलेल्या.

"ही कुणाची?"

"अंबिका भजनी मंडळाची. सोमवारी द्यायचीय."

"कोण करतंय?"

"कोण म्हणजे?" ताईने डबा उघडत विचारलं. "बस की. आमटी गार होईल."

मी बसलो नाही. फळीवरची कानस उचलून पाहिली. दांड्याला जुन्या साडीचा काठ गुंडाळला होता. अण्णा सुतळी गुंडाळायचे.

"कधीपासून?"

"अण्णांना बारीक दिसेनासं झालं तेव्हापासून. आठ वर्षं होतील. लोकांना वाटायचं तेच करतात. त्यांनाही तसं वाटलेलं बरं वाटायचं, म्हणून मीही बोलले नाही." तिने पोळी माझ्या हातात ठेवली तेव्हा मी तिची बोटं पहिल्यांदा नीट पाहिली. अंगठ्याला आणि पहिल्या बोटाला कानशीने पडलेले घट्टे होते. घरकामाचे असतील असं सकाळी मी धरून चाललो होतो. खरं तर काही धरलंही नव्हतं, बघितलंच नव्हतं.

"त्या चिठ्ठ्या दे," मी म्हणालो.

नियम असा आहे की नकार आला तर बोटाने काढलेल्या रेषांची चिठ्ठी त्या माणसाला द्यायची. बाकीच्यांना ती फराटे मारल्यासारखी दिसते. मी रोज शेकडो बघतो. वर दहा साध्या प्रश्नांच्या रेषा होत्या. तुमचं नाव शर्वरी आहे का? आज शुक्रवार आहे का? दहाही रेषा दोरी ताणल्यासारख्या सरळ. घट्ट्यांचा काही संबंध नव्हता. जाड बोट असतं तर याही थरथरल्या असत्या. आणि खाली हक्कसोडाची रेषा. निघाल्या निघाल्या ती डावीकडे, 'नाही'कडे झुकली होती. अर्ध्या वाटेपर्यंत तिकडेच चालली होती. मग तिला कोणीतरी दंडाला धरून ओढावं तशी उजवीकडे वळली होती. दुसऱ्या चिठ्ठीतही तेच, वळण फक्त आणखी मोठं.

मी हातातली पोळी परत डब्यात ठेवली.

इथं मला खोटं बोलता आलं असतं, आणि ते कुणालाही कळलं नसतं. सवलत लावली की बटण रेषा बघायचं सोडून देतं, नुसतं दाबणं-उचलणं बघतं. ती मी अण्णांसाठीच लिहिली होती. पाच वर्षांपूर्वी पहिला नमुना घेऊन मी याच गाळ्यात आलो होतो आणि अण्णांना पडद्यावर विचारलं होतं, चहा हवा? अण्णांना चहा कधी नको असायचा? पण चाळीस वर्षं पितळ घासलेली बोटं पडद्याला दिसेनात आणि बटण म्हणालं, थोडं थांबा. अण्णा इतके हसले की ठसका लागला. त्याच रात्री मी जाड बोटांची सवलत लिहिली. आता तीच मला ताईवर वापरता येणार होती.

"लाव की ती सवलत," ताई म्हणाली. माझ्या मनातलं ऐकू आल्यासारखी. "तीनला जाऊ आणि मोकळं होऊ. तुला परत जायचंय."

"ताई, तुला गाळा द्यायचा नाहीये."

"द्यायचाय म्हटलं ना मी."

"चिठ्ठी तसं म्हणत नाही."

"चिठ्ठीचं काय कौतुक मला." तिचा आवाज चढला. "मी म्हणते ते खरं का तुझं यंत्र म्हणतंय ते खरं?"

तिने खरोखरच द्यायचं ठरवलं होतं, त्यात खोट नव्हती. आणि तिला द्यायचं नव्हतं, तेही तितकंच खरं होतं.

"मग आधी बोलली का नाहीस?"

"काय बोलायचं? 'सही करायला कधी येतेस' एवढंच तू विचारलंस. करतेस का, असं कुठं विचारलंस?"

ती उठली आणि फळीशी जाऊन बसली. सुराची पितळेची बारीक पट्टी चिमटीत धरून टोकाला कानशीचे दोन हात मारले, तोंडाजवळ नेऊन फुंकून पाहिली, परत एक हात मारला. सूर चढवायचा तर टोकाला घासायचं, उतरवायचा तर बुडाला. मला हे माहीत आहे, करता कधीच आलं नाही. अण्णांनी मला शिकवायचा प्रयत्न केला होता. ताईला कुणी शिकवलं नव्हतं. ती डबा घेऊन यायची आणि बघत उभी राहायची.

"तुला हवाय का गाळा?" मी विचारलं.

ती घासत राहिली. मला वाटलं ऐकलं नाही.

"हवाय असं म्हणायची सवय नाही रे," ती म्हणाली. मग कानशीचा आणखी एक हात मारून, मान वर न करता, "हवाय."

मला एकदम भरून आलं. लाज वाटली, प्रेम वाटलं, आणि खोटं कशाला सांगू, आपण किती मोठ्या मनाचे आहोत हे दाखवायची उबळही आली. "मग सगळाच तुझा," मी म्हणालो. "माझा हिस्साही मी तुला सोडतो. पुढच्या शुक्रवारी येतो."

"असं एकदम नको बोलूस."

"एकदम नाही. बोललो ते बोललो."

पुण्यात रूपालीला, माझ्या बायकोला, सांगितलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं. ती फिजिओथेरपिस्ट आहे, दिवसभर माणसांचे हातपाय बघते. "विकायचा नाही, हे बरंच झालं," ती म्हणाली. "पण सगळं देऊन टाकतोयस? नक्की?"

"नक्की."

"मग ठीक आहे." आणि माझ्या हाताकडे बघत राहिली. मी चहाचा कप उगाच गोल फिरवत होतो.

पुढच्या शुक्रवारी आम्ही पुन्हा मगदूम मॅडमसमोर बसलो. कागदावर आता नावं उलटी होती. सोडणारा मी, घेणारी ताई. भावाने बहिणीला हक्क सोडून दिल्याचा दस्त आपण पाहिलेला हा तिसराच, असं मॅडम म्हणाल्या आणि मला फार बरं वाटलं. ताई पिशवी मांडीवर धरून बसली होती. पिशवीत शर्टाचं कापड होतं, माझ्यासाठी. सोडणाऱ्याला कापड घ्यावं लागतं, रीत ती रीत, असं म्हणाली होती.

दहा साधे प्रश्न झाले. तुमचं नाव निनाद आहे का? आज शुक्रवार आहे का? मग मजकूर आला. तो मी वाचायचंही कारण नव्हतं. बोट सरळ उचललं, 'मान्य'वर नेलं, दाबलं, उचललं.

'थोडं थांबा. पुन्हा एकदा वाचा.'

हे वाक्य मीच लिहिलं होतं. कंपनीला 'संमती अमान्य' हवं होतं, मी भांडून हे घातलं होतं. ते इतकं कठोर वाटेल असं तेव्हा वाटलं नव्हतं.

मग ताई म्हणाली, "तुझीही बोटं जाड झाली वाटतं."

मी हसायचा प्रयत्न केला. "पडदा जुना झालाय इथला."

"सेटिंग बघू का साहेब?" मॅडमनी अगदी आदराने विचारलं. "तुम्हीच केलंय म्हटल्यावर..."

चिठ्ठी माझ्या हातात होती. दहा रेषा सरळ. अकरावी डावीकडे झुकलेली, ताईच्या रेषेइतकीच. शेजारी ठेवल्या असत्या तर भाऊ-बहीण शोभलो असतो.

"नको," मी म्हणालो. "बटण बरोबर आहे."

मी पुन्हा बोट गोलावर ठेवलं. दुसरी संधी. या वेळी 'मान्य'वर नेऊन दाबलं आणि तसंच दाबून धरलं. पडदा वाट बघत होता. उचलेपर्यंत तो काही करत नाही. डोळ्यांसमोर पाटी आली. एवढ्या मोठ्या जगात माझं नाव फक्त त्या एका पाटीवर आहे. कंपनीच्या एकाही बटणावर नाही. मला गाळा चालवायचा नव्हता, पैसेही नको होते आता. पण अण्णांच्या माघारी तिथून आपलं नाव आपल्याच हाताने पुसायचं, हे मला झेपत नव्हतं. सोडण्याची गोष्ट बोलून तर बसलो होतो. त्या दिवशी फोनवर ताईने जे "बरं" म्हटलं होतं, ते तिला केवढ्याला पडलं असेल ते आत्ता कळलं. मला हक्क सोडताना निदान टाळ्या तरी मिळणार होत्या. तिला एक साडी.

"ताई," बोट दाबलेलंच ठेवून मी म्हणालो, "मलाही हवाय. थोडासा."

"मग असं सांग की," ती म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं, पण ती हसत होती. "आठ दिवस झोप नाही मला. सगळं घेतलं तर तू परत गावाला कशाला येशील, हेच डोक्यात. उचल ते बोट."

मी बोट दाबूनच 'मान्य'वरून बाजूला घसरवलं, पार पडद्याच्या कडेपर्यंत नेलं आणि तिथं उचललं. काहीही घडलं नाही. मगदूम मॅडमनी दस्त मागे घेतल्याची नोंद केली आणि पुढच्या माणसाला हाक मारली.

गाळा आता दोघांच्या नावावर आहे, होता तसाच. चालवते ताई. कार्यालयातून बाजारपेठेत गेलो तेव्हा मी तिला म्हणालो, पाटीवर तुझं नाव घालू, मी स्वतः रंगवतो. "माझं आधी," ती म्हणाली. तिने हे लगेच, मला मध्ये बोलू न देता म्हटलं, त्याचा मला फार आनंद झाला. शर्टाचं कापड मात्र तिने पिशवीतून काढलंच नाही. सोडलं नाहीस तर कापड कसलं, म्हणाली. आधीच्या शुक्रवारी दिलेली साडी मी परत मागितली नाही.

भजनी मंडळाची पेटी गेली होती, तिच्या जागी दुसरी होती. ताईने माझं बोट धरून एका पांढऱ्या पट्टीवर ठेवलं आणि दुसऱ्या हाताने भाता हलवला.

"हळू दाब. सूर निघायच्या आधी पट्टी किती रिकामी जातेय, बघ."

मी दाबली. बोट खाली गेलं, काही वाजलं नाही, आणखी थोडं गेलं. "जास्त वाटतेय. आवळायला हवी."

"नाही," ताई म्हणाली. "तेवढी ठेवायची. अण्णा म्हणायचे, वाजवू की नको, हे माणूस तेवढ्यात ठरवतो."

तिने पुन्हा भाता मारला. मी क्षणभर थांबलो आणि पट्टी पुरती दाबली.